सुरक्षादीपाचा जनक

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वाशिंद नावाचे एक स्थानक आहे. आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली मुंबईहून ठाण्याला गेली. तोच लोहमार्ग १८५४ साली कल्याणपर्यंत आणि १ ऑक्टोबर १८५५ रोजी वाशिंदपर्यंत येऊन पोहोचला. पुढचा मार्ग तयार होईपर्यंत काही वर्षे आगगाडीचा प्रवास येथेच संपत असे. धुराचे लोट सोडीत आणि शीळ घालीत येणारे ते लोखंडी इंजिन पाहून शहापूर-मुरबाडकडील लोकांना किती नवल वाटले असेल! परंतु त्या इंजिनाच्या पोटात धगधगणारा कोळसा मात्र या भूमीतला नव्हता. त्या काळी पश्चिम हिंदुस्थानातील रेल्वेला लागणारा पुष्कळसा कोळसा इंग्लंडहून जहाजांत भरून मुंबई बंदरात येत असे.

हा कोळसा जे लोक जमिनीच्या पोटातून खणून काढीत, त्यांचे जीवन अतिशय कष्टाचे होते. शेकडो हात खोल खाणीत, सूर्यप्रकाश जेथे कधी पोहोचत नाही अशा अरुंद बोगद्यांत, ते दिवसभर कुदळ चालवीत. भोवतालच्या अंधारापेक्षाही त्यांना भय वाटे ते एका अदृश्य वायूचे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पण दिव्याची ज्योत लागताच तो क्षणार्धात सारी खाण उद्ध्वस्त करी. या वायूपासून खाणकामगारांचे रक्षण करणारा, आणि तो वायू कोठे दडला आहे याची सूचना देणारा दिवा ज्याने निर्माण केला, तो शास्त्रज्ञ म्हणजे सर हंफ्री डेव्ही होय.

हंफ्री डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या पेन्झान्स या गावी झाला. हे गाव कॉर्नवॉल परगण्यात आहे. तेथे कथील व तांबे यांच्या खाणी होत्या. त्यामुळे खाणीत उतरणारी माणसे हंफ्रीने लहानपणापासूनच पाहिली होती. त्याचे वडील लाकडावर कोरीव काम करीत. पाच भावंडांत हंफ्री थोरला. शाळेत त्याची विशेष चमक दिसली नाही. रानावनात भटकावे, गळ टाकून मासे पकडावेत, कविता कराव्यात आणि सोबत्यांना गोष्टी सांगाव्यात, यांतच त्याचे मन रमे.

१७९४ साली त्याचे वडील वारले. मागे राहिले ते कर्ज आणि पाच लहान मुले. आईने धीर सोडला नाही. तिने स्त्रियांच्या टोप्यांचे दुकान काढले आणि संसाराचा गाडा ओढण्यास सुरुवात केली. आईचे हे कष्ट पाहून हंफ्रीच्या वृत्तीत मोठा पालट झाला. दुसऱ्याच वर्षी तो गावातील एका वैद्याकडे औषधे तयार करण्याचे काम शिकू लागला. कोणकोणते विषय व कोणत्या भाषा शिकावयाच्या, याची एक लांबलचक यादी त्याने स्वतःच तयार केली आणि तो अभ्यासास लागला. १७९७ च्या सुमारास लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या वाचनात आला. तेव्हापासून त्याला रसायनशास्त्राचा ध्यास लागला. घराच्या माळ्यावर, मिळतील त्या भांड्यांच्या आणि बाटल्यांच्या साहाय्याने तो प्रयोग करू लागला.  पुस्तक आणि स्वतःचे हात हेच त्याचे मोठे गुरू होते.

या तरुणाच्या बुद्धीची वार्ता हळूहळू गावाबाहेर गेली. १७९८ साली ब्रिस्टल शहरातील एका संस्थेत त्याला काम मिळाले. निरनिराळे वायू हुंगून रोग बरे होतात की काय, याचा शोध तेथे चालला होता. डेव्हीने हे वायू स्वतःवरच आजमावून पाहिले. नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगला असता वेदना कमी होतात, हे त्याच्या ध्यानात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग करता येईल, अशी सूचनाही त्याने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली. परंतु तिचे महत्त्व वैद्यांना कळण्यास चाळीसांहून अधिक वर्षे जावी लागली. अशाच एका प्रयोगात विषारी वायू छातीत गेल्यामुळे डेव्ही मरता मरता वाचला. वायू डोळ्यांना दिसत नसला तरी तो किती घातक असू शकतो, हे त्याला असे स्वानुभवाने समजले होते.

१८०१ साली डेव्ही लंडनमधील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत गेला. तेथील त्याची व्याख्याने ऐकण्यासाठी विद्वानांप्रमाणेच सामान्य स्त्री-पुरुषांचीही दाटी होत असे. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने नुकतीच विद्युत्घटमाला तयार केली होती. तिच्या प्रवाहाने पदार्थांचे घटक वेगळे करता येतील, हे ओळखून डेव्हीने १८०७ साली पोटॅशियम व सोडियम हे धातू प्रथमच वेगळे केले. पोटॅशियमचे चकाकणारे कण पाहून तो आनंदाने प्रयोगशाळेत नाचू लागला, असे सांगतात. पुढच्याच वर्षी त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम व स्ट्राँशियम हे धातूही मिळविले. १८१२ साली त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी एका स्फोटक द्रव्यावर प्रयोग करताना त्याच्या डोळ्यांना इजा झाली. पुढील वर्षी त्याने मायकेल फॅरडे या गरीब, होतकरू तरुणास आपला साहाय्यक म्हणून घेतले. हाच फॅरडे पुढे जगद्विख्यात शास्त्रज्ञ झाला.

डेव्हीचा असा नावलौकिक होत असताना इंग्लंडच्या उत्तर भागातील खाणींत मृत्यूचे थैमान चालले होते. तेथील कोळशाच्या थरांतून जो वायू पाझरत असे, त्यास आज आपण मिथेन म्हणतो. फार प्राचीन काळी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा कोळसा होत असतानाच हा वायू निर्माण होतो आणि थरांच्या भेगांत कोंडून राहतो. पाणथळ डबक्यातील चिखल काठीने ढवळला असता जे बुडबुडे वर येतात, त्यांत आणि शेणापासून मिळणाऱ्या गोबरगॅसमध्येही मुख्यतः हाच वायू असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे बोगद्याच्या छताशी साचतो. शंभर भाग हवेत मिथेनचे सुमारे पाच ते पंधरा भाग झाले, की ते मिश्रण स्फोटक बनते. पाचांहून कमी असल्यास स्फोट होत नाही. पंधरांहून फार अधिक असल्यास जळण्यास पुरेसा प्राणवायू उरत नाही. परंतु दोन्हींच्या मधले प्रमाण म्हणजे साक्षात काळ. स्फोटातून जे वाचत, त्यांना स्फोटानंतर पसरणारा विषारी वायू गाठी.

२५ मे १८१२ रोजी फेलिंग येथील खाणीत असाच भीषण स्फोट झाला. त्यात ९२ जण प्राणास मुकले. त्यांत लहान मुलेही होती. त्या काळी आठ-दहा वर्षांची मुलेही खाणीत कामाला जात. आतील आग विझविण्यासाठी खाणीची तोंडे बंद करावी लागली आणि मृतांचे देह बाहेर काढण्यास जुलै महिना उजाडला. दाराशी बसून वाट पाहणाऱ्या त्या माता आणि पत्नी यांच्या दुःखाची कल्पनाच करावी! अशा अपघातांची फार वाच्यता होऊ नये, असे खाणमालकांना वाटे. परंतु त्या गावच्या जॉन हॉजसन या धर्मोपदेशकाने या दुर्घटनेची सविस्तर हकीकत छापून प्रसिद्ध केली. लोकमत जागे झाले. अपघात टाळण्याचे उपाय शोधण्यासाठी १८१३ साली संडरलँड येथे एक मंडळ स्थापन झाले. त्याच गावच्या डॉ. क्लॅनी यांनी एक सुरक्षित दिवा तयारही केला. परंतु त्याला सतत भात्याने हवा पुरवावी लागे, म्हणून तो वापरण्यास गैरसोयीचा ठरला.

शेवटी या मंडळाने डेव्हीला साकडे घातले. ऑगस्ट १८१५ मध्ये डेव्ही स्वतः त्या भागात गेला. हॉजसन आणि जॉन बडल नावाचा अनुभवी खाण-व्यवस्थापक यांना भेटून त्याने सारी परिस्थिती समजावून घेतली. खाणीतील वायूने भरलेल्या बाटल्या लंडनला मागवून घेऊन तो प्रयोगास लागला. फॅरडे त्याच्या मदतीला होता.

खाणीत दिवा तर हवाच. पण दिव्याची ज्योत बाहेरच्या वायूला लागता कामा नये, हा खरा पेच होता. दिवा चोहोंकडून बंद करावा, तर हवेवाचून तो विझणार. उघडा ठेवावा, तर स्फोट होणार. डेव्हीने प्रथम त्या वायूच्या गुणधर्मांचा बारकाईने अभ्यास केला. हा वायू पेटण्यास मोठी उष्णता लागते, आणि धातूच्या बारीक नळीतून त्याची ज्योत पलीकडे जाऊ शकत नाही, असे त्याला आढळले. नळीचा धातू ज्योतीची उष्णता शोषून घेतो. त्यामुळे ज्योत थंड होऊन विझते. मग नळीऐवजी धातूच्या तारांची बारीक जाळी घेतली तर? जाळीचे प्रत्येक छिद्र ही एक आखूड नळीच नव्हे काय? हा विचार सुचला आणि पेच सुटला.

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग सहज करून पाहता येतो. गॅसच्या ज्योतीवर तारेची जाळी आडवी धरली, तर ज्योत जाळीच्या खालीच अडते. जाळीतून वर वायू जात असतो. पण जाळी तापून लाल होईपर्यंत तो पेट घेत नाही.

डेव्हीने तेलाच्या दिव्याभोवती अशा जाळीचे नळकांडे बसविले आणि ते वरूनही जाळीनेच बंद केले. जाळीच्या एका चौरस इंचात ७८४ छिद्रे होती. त्यांतून हवा व वायू आत येत, प्रकाश बाहेर पडे. पण ज्योत मात्र बाहेर पडत नसे. ९ जानेवारी १८१६ रोजी हेबर्न येथील खाणीत या दिव्याची परीक्षा झाली आणि तीत तो उतरला. मंडळाने साकडे घातल्यापासून अवघ्या पाच महिन्यांत हे कार्य सिद्धीस गेले होते.

या दिव्याचा दुसरा गुण पहिल्याइतकाच मोलाचा होता. हवेत मिथेन असला, की दिव्याची ज्योत उंच होई आणि तिच्या टोकावर फिकट निळ्या रंगाची टोपी दिसू लागे. वायूचे प्रमाण जसजसे वाढे, तसतशी ही टोपीही वाढे. वायू फार झाला, की सारे नळकांडे निळ्या ज्योतीने भरून जाई आणि अखेर दिवा विझे. मेणबत्तीच्या ज्योतीवरील हे निळे चिन्ह जुन्या कामगारांना ठाऊक होते. पण ते पाहता पाहताच स्फोट होण्याचे भय असे. आता ते निर्धास्तपणे पाहता येऊ लागले. अनुभवी तपासनीस वात बारीक करून दिवा हळूच छताकडे नेई, टोपीची उंची पाही आणि वायू किती आहे याचा अंदाज बांधी. याप्रमाणे माणसाच्या इंद्रियांना न कळणारी गोष्ट एका लहानशा ज्योतीने सांगितली.

डेव्हीने या शोधाचे हक्क राखून ठेवावेत, म्हणजे त्याला दरसाल हजारो पौंड मिळतील, असे बडलने त्याला सुचविले. परंतु डेव्हीने ते मानले नाही. या दिव्याचे स्वामित्व त्याने कधीही घेतले नाही. ज्याला हवा त्याने तो तयार करावा आणि वापरावा, अशी त्याची इच्छा होती. वडिलांच्या मृत्यूनंतर दारिद्र्य कसे असते हे ज्याने जवळून पाहिले, त्याने हा त्याग करावा, ही गोष्ट लहान नव्हे. कृतज्ञ खाणमालकांनी १८१७ साली त्याला चांदीची मूल्यवान भांडी अर्पण केली.

तथापि थोर माणसेही दोषांपासून मुक्त नसतात. त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीत जॉर्ज स्टीफन्सन नावाचा एक यंत्रकारागीर होता. त्याचे शालेय शिक्षण झाले नव्हते. त्यानेही स्वतःच्या बुद्धीने एक सुरक्षित दिवा तयार केला होता आणि जीव धोक्यात घालून तो खाणीत आजमाविला होता. शास्त्र न शिकलेला माणूस असा शोध लावू शकेल, हे डेव्हीला मुळीच पटले नाही. त्याने स्टीफन्सनवर आपला शोध चोरल्याचा आरोप केला. पुढे स्टीफन्सनचा शोधही स्वतंत्र होता, हे लोकांनी मान्य केले. हाच स्टीफन्सन नंतर आगगाडीची इंजिने बनविणारा म्हणून अमर झाला. फॅरडेची कीर्ती वाढू लागल्यावर त्याच्याविषयीही डेव्हीला पूर्वीचे औदार्य दाखविता आले नाही.

दिव्यातही काही उणिवा होत्या. त्याचा उजेड मंद असे. म्हणून काही कामगार जाळी काढून ठेवीत आणि प्राणास मुकत. वाऱ्याच्या जोराच्या झोताने ज्योत जाळीबाहेर येण्याचा संभव असे. शिवाय दिवा हाती आल्यामुळे पूर्वी सोडून दिलेल्या धोक्याच्या भागांतही मालकांनी काम सुरू केले. त्यामुळे स्फोट एकदम थांबले नाहीत. पुढील संशोधकांनी काचेचे आवरण व दुहेरी जाळ्या बसवून या उणिवा दूर केल्या. खाणीत भरपूर वारा खेळता ठेवणे आणि वायूची वारंवार तपासणी करणे हेही तितकेच आवश्यक आहे, हे लोकांना अनुभवाने कळले.

दिव्यावरील प्रयोग चालू असतानाच डेव्हीला आणखी एक चमत्कार दिसला. तापविलेली प्लॅटिनमची बारीक तार ज्वालाग्राही वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल होऊन तेजाळत राहते. तारेच्या पृष्ठभागावर वायू ज्योतीवाचूनच जळत असतो, आणि तार मात्र जशीच्या तशी राहते. १८१७ साली त्याने हा शोध प्रसिद्ध केला. दिव्यात अशी तार बसविली, तर वायू वाढून ज्योत विझल्यावरही तिच्या उजेडात कामगाराला वाट काढता येईल, असे त्याला वाटले. या तारेचा खरा उपयोग मात्र कळावयास सुमारे दीडशे वर्षे लागली.

१८२० साली डेव्ही रॉयल सोसायटी या विद्वन्मंडळाचा अध्यक्ष झाला. पण पुढे त्याची प्रकृती ढासळत गेली. पक्षाघाताने तो दुर्बल झाला. २९ मे १८२९ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथे वयाच्या ५० व्या वर्षी त्याचे निधन झाले. दिव्याबद्दल मिळालेली चांदीची भांडी अखेर वितळवून, त्या पैशातून रसायनशास्त्रातील संशोधनासाठी पदक द्यावे, अशी त्याची इच्छा होती. त्याप्रमाणे १८७७ सालापासून रॉयल सोसायटी डेव्ही पदक देत आली आहे.

आज खाणकामगारांच्या टोपीवर विजेचा दिवा असतो. वायूचा शोध घेण्यासाठी आता संवेदक नावाची छोटी विद्युत् उपकरणे वापरतात. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील खाण-सुरक्षा संशोधनसंस्थेत यांतील एक महत्त्वाचा प्रकार तयार झाला. त्यात प्लॅटिनमच्या तारेची दोन सूक्ष्म वेटोळी असतात व त्यांवर मण्यासारखे लेप असतात. एका मण्यावर मिथेन ज्योतीवाचून जळतो. दुसऱ्यावर जळत नाही. जळणाऱ्या मण्याची तार अधिक तापते आणि तिचा विद्युत् रोध वाढतो. दोन्ही तारांतील हा फरक मोजला, की हवेत मिथेन किती आहे, हे आकड्यांत कळते. प्रमाण वाढताच घंटा वाजते. मण्यांवरील उष्णतेने बाहेरचा वायू पेटू नये म्हणून या उपकरणाच्या तोंडाशी धातूचे सच्छिद्र आवरण बसवितात. म्हणजे डेव्हीची तार आणि डेव्हीची जाळी ही दोन्ही मुठीत मावणाऱ्या एकाच उपकरणात एकत्र आली आहेत!

आता वाशिंदवरून जाणाऱ्या गाड्या विजेवर धावतात. परंतु कोळशाची गरज संपलेली नाही. आपल्याच राज्यात चंद्रपूर, यवतमाळ व नागपूर या जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत, आणि त्या कोळशापासून वीज तयार होते. भूमिगत खाणीतील हवेत मिथेनचे प्रमाण शेकडा सव्वा याहून अधिक झाल्यास तेथील विजेचा प्रवाह तोडावा, असा आपल्या देशातील नियम आहे. स्फोट होण्यास लागणाऱ्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शावरच माणूस आता सावध होतो. घरात विजेचे बटण दाबून आपण उजेड करतो, तेव्हा कोणी तरी भूगर्भात उतरलेला असतो. त्याने संध्याकाळी आपल्या घरी सुखरूप परतावे, यासाठी पेन्झान्सच्या एका विधवेच्या मुलाने केलेले काम आजही उपयोगी पडत आहे.